एक्केचाळीस अ.बं.

संगणकाच्या हिशेबाने आमच्या शहरातलं पाणी टेकडी चढत होतं.

मी पाणीपुरवठा खात्यात नवा कनिष्ठ अभियंता. नोकरीला सात महिने झालेले. पुढच्या एक तारखेपासून शहरातले सगळे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं काम ठेकेदाराकडे जाणार होतं. त्याची माणसं नवी, त्यांना यादी हवी. कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद, कुठला किती फेरे फिरवायचा. ती यादी तयार करून संगणकावर चढवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, आणि मला वाटलं, हे काय, पंधरा दिवसांचं काम.

तोवर ही यादी दोनच ठिकाणी होती: चावीमामांच्या डोक्यात आणि शहराच्या भिंतींवर. चावीमामा म्हणजे आमच्या खात्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. प्रत्येक व्हॉल्व्हजवळच्या भिंतीवर त्यांनी पिवळ्या रंगात खूण लिहून ठेवलेली असे. मी मोबाइल घेऊन शहरभर हिंडलो आणि एकशे त्रेसष्ट खुणांचे फोटो काढले. त्यातल्या एक्केचाळीस ठिकाणी लिहिलं होतं 'अ.बं.'. मी शिकलेला माणूस. अ.बं. म्हणजे 'अर्धा बंद' हे समजायला मला अर्धा सेकंद लागला. एक्केचाळीस व्हॉल्व्ह अर्धे बंद करून मी बटण दाबलं, आणि पडद्यावर निळे बाण डोंगराकडे धावायला लागले.

"कोण म्हणालं अर्धा बंद?" चावीमामांनी विचारलं.

ते खात्याच्या आवारात बाकावर बसून बूट घालत होते. शेजारी त्यांची चावी भिंतीला टेकवलेली. छातीपर्यंत उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी. ती घेऊन ते चालायला लागले की लांबून राजदंड घेतलेला राजा वाटावा, जवळ आले की पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली दिसे.

"मग अ.बं. म्हणजे काय, मामा?"

"कुठला ते सांगा. बाजाराच्या कोपऱ्यावरचा अर्धा बंद. दवाखान्यामागचा अडकून बंद. त्याला हात लावाल तर हातात येईल."

"पण दोन्हीकडे एकच लिहिलंय!"

"मग काय झालं? भिंती वेगळ्या आहेत ना?"

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा मुद्दा कोणी घेतला नव्हता.

"पूर्ण लिहायला काय झालं होतं?"

"रंग," मामा म्हणाले. "खातं वर्षाला एक डबा देतं. एवढासा. पहिल्या वर्षी मी 'अर्धा बंद आहे, विचारल्याशिवाय उघडू नये' असं सुंदर अक्षरात लिहिलं. चौथ्या व्हॉल्व्हला डबा संपला. साहेब म्हणाले, कमी लिहा. लिहिलं कमी."

त्या वेळी महिना संपायला नऊ दिवस उरले होते. महिना संपला की यादी ठेकेदाराकडे जाणार आणि त्याच दिवशी मामा निवृत्त होणार. म्हणजे माझ्याकडे नऊ दिवस होते, एक्केचाळीस खुणा होत्या आणि एकच शब्दकोश होता, तोही बूट घालून निघालेला. चाळीस खुणांचे अर्थ त्यांनी मला हसतखेळत सांगितले. एक्केचाळिसावीपाशी ते अडले, कारण तिच्यामागे त्यांची सख्खी मोठी बहीण होती.

पण ते नंतर. रोज पहाटे पाच वाजता आम्ही निघायचो. मामा व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं झाकण पायाने सरकवायचे, चावी आत सोडायचे आणि फिरवण्याआधी मुठीला कान लावायचे. पाइपातलं पाणी लोखंडातून वर ऐकू येतं. "चाललंय," म्हणायचे, किंवा "कुरकुरतंय," किंवा नुसतं "हं." माणसांची नावं त्यांना माहीत नसायची. ते वेळेवरून ओळखायचे. "त्या सहा-वीसवाल्या बाई, गुडघे दुखतात त्यांचे." "हा सात-दहावाला, टाकी भरली तरी नळ बंद करत नाही, ऐतोबा." अख्खं शहर त्यांच्या डोक्यात वेळापत्रकासारखं बसलेलं होतं.

पहिल्याच दिवशी आम्ही वाचनालयासमोर थांबलो. भिंतीवर अ.बं.

"अण्णांनी बंद," मामा म्हणाले.

"कोण अण्णा?"

"आमचे मुकादम. मी लागलो तेव्हाचे. त्यांनी स्वतः येऊन बंद केला."

"का?"

"विचारायची हिंमत कोणाची होती?"

"आता कुठे असतात ते?"

"गेले. एकोणीस वर्षं झाली."

"मग आता उघडायला काय हरकत आहे?"

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आता परवानगी कोणाची घेणार?"

पुढचा अ.बं. म्हणजे 'अर्जावरून बंद'. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या भिंतीला ओल यायची म्हणून त्याने अर्ज केला होता. फोटोवाला दुकान विकून परगावी गेला, भिंत पाडून तिथे नवी बांधली, पण अर्ज खात्यात होता आणि मागे कोणी घेतला नव्हता. त्याच्या पुढचा 'अंदाजे बंद'. आतला दांडा तुटलेला. "फिरवला की फिरतो," मामा म्हणाले, "खाली काय होतं ते पाण्यालाच ठाऊक." मी यादीत 'अंदाजे' हा पर्याय शोधला. संगणकात नव्हता.

तिसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावरच्या एका उंच कुंपणाशी आलो. पुन्हा अ.बं. मी पेन काढलं, "हा कसला बंद?"

"बंद नाही. अध्यक्षांचा बंगला."

"काय?"

"अ.बं. अध्यक्षांचा बंगला. हा कधी बंद होत नाही. हा बंद झाला तर मी बंद होतो."

मी पेनाने अध्यक्षांना पूर्ण पाणी दिलं. नंतर आम्ही बसस्थानकामागे आलो. तिथला अ.बं. म्हणजे 'अग्निशमन बंब'. आग लागली की बंब तिथे येऊन टाकी भरतो. हाही पूर्ण उघडा हवा. माझ्या यादीत तो अर्धा बंद होता, आणि ही यादी मी साहेबांना 'जवळजवळ तयार' म्हणून दाखवलीही होती. त्या दिवशी मी कानाला खडा लावला: मामांनी सांगितल्याशिवाय एक अक्षरही भरायचं नाही.

परतताना मामा मला घरी घेऊन गेले. दोन खोल्या, स्वच्छ. दारामागे चावी ठेवायची खास खुंटी. मामींनी चहा दिला. मी सहज म्हणालो, "मामा घरातल्या डब्यांवरही असंच लिहितात का?"

"एकदा लिहिलं होतं," मामी म्हणाल्या. "दोन डब्यांवर 'सा.'. एकात साखर, एकात साबणाचा चुरा. मी म्हटलं, अहो, ओळखायचं कसं? तर म्हणतात, डबे वेगळे आहेत ना! यांचे साहेब आले होते त्या दिवशी चहाला. तेव्हापासून या घरात यांना लिहायला बंदी आहे."

"साहेबांनी पूर्ण कप संपवला," मामा म्हणाले. "फेसाळ झालाय म्हणाले."

हसता हसता मी यादी काढली. "मामा, सगळे झाले की. छापखान्यामागच्या गल्लीतला एक राहिलाय. तो उद्या सकाळी करू."

मामी कप उचलून आत गेल्या.

"तो शेवटी," मामा म्हणाले.

मग रोज तो शेवटी. आज पाय दुखतोय, आज त्या बाजूला रस्ता खणलाय, आज दुसरे व्हॉल्व्ह पुन्हा तपासू. सातव्या दिवशी ते म्हणाले, "तो तसाच लिहा. अ.बं. नव्या माणसांना कळेल."

"काय कळेल, मामा? मला कळत नाहीये!"

मी खात्यात जाऊन त्या गल्लीची तक्रारींची फाइल काढली. गल्लीत अकरा घरं. बावीस वर्षांत एकतीस तक्रारी, सगळ्या एकाच विषयाच्या: पाणी फार बारीक येतं. एकतीसही अर्ज एकाच हातचे, रेखीव अक्षरातले, खाली सही एका निवृत्त गणिताच्या बाईंची. दोन बादल्या भरायला किती मिनिटं लागतात, दर वर्षी त्यात किती फरक पडतो, याचे तक्ते जोडलेले. प्रत्येक अर्जावर साहेबांचा शेरा: 'चावीवाल्यास पाहणीस पाठवावे.' आणि प्रत्येकाखाली मामांचा अहवाल. एकतीस वेळा तोच. 'पाहणी केली. वाहिनी जुनी आहे.'

त्या गल्लीची वाहिनी मी नकाशात पाहिली. बाकी शहरापेक्षा दहा वर्षांनी नवी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मामांना सरळ छापखान्याच्या कोपऱ्यावर घेऊन गेलो आणि फाइल त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही. व्हॉल्व्हच्या झाकणावरच बसले.

"अक्काला बंद," ते म्हणाले.

"अक्का कोण?"

"या गणिताच्या बाई. माझी बहीण. आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं."

वडील वारल्यावर त्यांची सायकल मामांना हवी होती. वडीलही याच खात्यात होते, याच सायकलच्या दांडीला चावी बांधून फिरायचे. मामा महिनाभराने सायकल न्यायला आले तर अक्काने ती भंगारवाल्याला देऊन टाकलेली. न विचारता. मामा काय काय बोलले ते त्यांना आता आठवत नव्हतं. दार आपटून निघाले, खांद्यावर चावी होतीच, कोपऱ्यावर व्हॉल्व्ह होताच. चौदा फेऱ्यांचा व्हॉल्व्ह, त्यातले नऊ फेरे बंद केले.

"वर भिंतीवर लिहिलंसुद्धा?" मी विचारलं.

"न लिहिता व्हॉल्व्ह फिरवायचा नाही, असा नियम आहे." मामांनी मान खाली घातली. "तीन दिवसांत राग गेला हो. उघडायला आलो पण. तर इथेच, या कोपऱ्यावर, अक्का सगळ्या गल्लीला गोळा करून सांगत होती की पाइप कुठेतरी फुटलाय, मी अर्ज करते. तिच्यासमोर उघडला असता तर कळलं नसतं का, बंद कोणी केला? शहरात चावी एकच. म्हटलं, उद्या उघडू. मग परवा. मग तिचा अर्ज आला आणि साहेबांनी पाहणीला मलाच पाठवलं."

"आणि तुम्ही लिहिलंत वाहिनी जुनी."

"एकदा लिहिल्यावर पुढच्या वेळी नवी कशी लिहिणार?"

मला हसूही येत होतं आणि हसवतही नव्हतं. "बावीस वर्षं बोलला नाहीत?"

"ती बोलत नाही, मी बोलत नाही. तिचे अर्ज येतात." मग म्हणाले, "अक्षर अजून छान आहे तिचं."

समोरच्या घरात कुठेतरी नळाखाली भांडं वाजलं. मामा उठले. "एक तारखेला ठेकेदाराचा माणूस येईल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडेल आणि अक्काला म्हणेल, बाई, कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवला होता. ते तिने त्याच्या तोंडून ऐकायला नको. माझ्याकडून ऐकलं पाहिजे. मग ती मला दारातून हाकलेना का. उद्याचा एकच दिवस आहे माझ्या हातात."

"मग उद्या सांगायचं," मी म्हणालो. "मी येतो बरोबर."

शेवटच्या दिवशी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ठरलं असं होतं: आधी अक्काच्या घरी जायचं, तिला सगळं सांगायचं, माफी मागायची, मग येऊन व्हॉल्व्ह उघडायचा. सहाला पाणी सुटलं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. अक्काचं दार चौथं, निळं. मामा तीन पावलं चालले, उभे राहिले, आणि माघारी वळले.

"काय झालं?"

"आधी उघडतो. पाणी जोरात आलं की ती खूश होईल. मग सांगतो."

मला हे एकदम पटलं. खरं तर याच जागी माझं शिक्षण कामाला यायला हवं होतं. बंद वाहिनी हळूहळू उघडायची असते, दोन फेरे, थांबायचं, पुन्हा दोन फेरे. मामांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्यांना लवकर लवकर चुकीतून मोकळं व्हायचं होतं. नऊचे नऊ फेरे त्यांनी एका दमात फिरवले. मुठीला कान लावला. चेहरा उजळला.

"धावतंय!" ते म्हणाले.

धावतच होतं. आम्ही दोघंही एक गोष्ट विसरलो होतो. या गल्लीत बावीस वर्षं पाणी करंगळीएवढं यायचं. त्यामुळे इथे कोणी नळापाशी उभं राहायचं नाही. रात्रीच नळ पूर्ण उघडून, तोंडाला रबरी नळी लावून, नळी पिंपात सोडून लोक झोपायचे. अकरा घरांतले अकरा नळ उघडे होते.

पहिली किंकाळी दुसऱ्या घरातून आली. मग तिसऱ्यातून काहीतरी पत्र्याचं पडलं. एका घरातून नळी पिंपातून उसळून खिडकीबाहेर आली आणि डोकं आपटत रस्त्यावर पाणी उडवायला लागली. गालावर साबणाचा फेस असलेला एक गृहस्थ बाहेर धावला आणि ओरडला, "नळच उडाला! हातात तोटी राहिली हो!" अकरा दारांखालून पाणी एकाच वेळी गल्लीत आलं, आणि त्या पाण्यावर तरंगत एक चप्पल आमच्यापर्यंत पोहोचली.

"बंद करा, मामा!"

मामा फिरवत होतेच. उलटे चार फेरे झाले असतील, तेवढ्यात निळं दार उघडलं. अक्का. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ, चष्म्यावर थेंब, डोक्यापासून पायापर्यंत चिंब, हातात झाडू. त्या पाण्यातून चालत आमच्याकडे आल्या. त्यांनी व्हॉल्व्ह पाहिला, चावी पाहिली, मग भावाकडे पाहिलं.

"किती फेरे?" त्यांनी विचारलं.

"नऊ," मामा म्हणाले.

"चौदातले?"

"हो."

अक्कांनी चष्मा पुसला. कोरडं काही नव्हतंच, त्यामुळे तो आणखी ओला झाला. "म्हणजे पाचावर जगलो आम्ही. केव्हापासून?"

"सायकल दिलीस त्या दिवसापासून."

अकरा घरांत आरडाओरडा चालूच होता. मग अक्का म्हणाल्या, "अहवालांवर तुझी सही असायची. सगळी गल्ली म्हणायची, खातं खोटं बोलतंय. मी म्हणायचे, खातं बोलत असेल. तो नाही लिहिणार खोटं."

मामांनी चावीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "अक्का, चुकलं ग."

"दिसतंय ते. स्वयंपाकघरात पोटरीभर दिसतंय." अक्कांनी झाडू पुढे केला. "आधी ते काढ. मग बोल. आणि हे कोण?"

"इंजिनीअर आहेत. नवीन."

"इंजिनीअर असून नऊ फेरे एकदम उघडू दिले? बादली घ्या तुम्ही."

मामांनी उरलेले फेरे फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, आणि मी बादली घेतली.

अक्का स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या आणि कुठे पाणी राहिलंय ते झाडूच्या काठीने दाखवत गेल्या. मामा पँट दुमडून, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावून पाणी लोटत होते. मधूनच म्हणाले, "पण तू ती सायकल..."

"ब्रेक नव्हते तिला. पुढचाही नाही आणि मागचाही नाही. शेवटच्या महिन्यात बाबा दोनदा पडले त्यावरून. तू नेली असतीस तर उताराच्या रस्त्याला तिसऱ्या दिवशी मेला असतास."

"मला सांगायचंस ना!"

"सांगायला थांबलास का? निघालास चावी घेऊन. मला वाटलं कामावर चाललाय."

मामा पाणी लोटायचे थांबले. मग पुन्हा लोटायला लागले, जरा जोरात.

यादीत मी खरं तेच भरलं: नऊ फेरे बंद होता, उघडला. कारण काय लिहायचं हे मामांनीच सांगितलं, 'घरगुती भांडण'. साहेबांनी संध्याकाळी त्यांना निरोपाचा गुच्छ आणि लेखी ताकीद एकाच टेबलावर दिली, आणि मामांनी दोन्ही तितक्याच आदराने घेतलं. पण ती संध्याकाळची गोष्ट. त्या सकाळी आमची सुटका अजून झाली नव्हती. पाण्याच्या जोराने गल्लीतल्या सगळ्या नळांची वॉशरं गेली होती. बावीस वर्षं कोणावर दाब पडला नव्हता, कोणाची बदलावी लागली नव्हती. मामांनी खात्यातून वॉशरांची पिशवी आणवली, पान्हा घेतला आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली. अक्का पुढे चालत होत्या. दार वाजवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पहिल्या घरात तोटी उडालेले गृहस्थ होते, गालावरचा फेस आता वाळलेला. "हे कोण, बाई?"

"धाकटा भाऊ माझा," अक्का म्हणाल्या. "बावीस वर्षं आपलं पाणी यानेच अडवलं होतं. राग आला म्हणून. काय बोलायचं ते बोला, मी ऐकतेय."

गृहस्थ जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. मामा खाली मान घालून नळाखाली शिरले.

दुसऱ्या घरातल्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, मग म्हणाल्या, "बरं, आलाच आहात तर मोरीतलाही बघा." तिसऱ्या घरात भिजलेल्या गाद्या अंगणात टाकलेल्या होत्या. मामांनी न सांगता त्या उचलून उन्हाच्या बाजूला लावल्या. प्रत्येक दारात अक्का तेच वाक्य म्हणत होत्या, त्याच आवाजात, फळ्यावर प्रमेय सांगावं तशा. धाकटा भाऊ माझा. यानेच.

सहाव्या घरी पोहोचलो तेव्हा म्हातारे आजोबा दारातच उभे होते. त्यांनी मामांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "दमलेला दिसतोय. चहा टाकू का याला?"

"नको," अक्का म्हणाल्या. "त्याला कमी साखरेचा लागतो, तुम्ही गोड करता. अकरा घरं झाली की मी करणार आहे."

नळाखाली मामांच्या हातातून पान्हा खाली पडला, आणि तो उचलायला त्यांना बराच वेळ लागला.